पाठ नसलेला पैलवान

परग्रहावरून आलेल्या पहिल्या पाहुण्याला माणसानं सगळ्यात आधी काय दिलं, असं पुढंमागं कुणी विचारलं तर उत्तर आहे, कुस्तीतली ढाक. तीसुद्धा डाव्या अंगानं आणि चांगली दाबून.

देणारा होता बजरंग इंगवले. पंचविशीतला गडी, वजन शंभराच्या पुढं, मान जवळपास नाहीच. वारणेकाठी कोरगळवाडीत त्याच्या वडिलांची, दिनकर वस्तादांची तालीम आहे. आता गावात दूध ड्रोननं जातं, ऊस यंत्रं तोडतात, ग्रामसभा गॉगल लावून घरबसल्या होते. पण आखाड्याची माती वस्ताद अजून स्वतःच्या हातानं मळतात. तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, कापूर आणि टोपलीभर लिंबं. या वेळी माती करायच्या आदल्या दिवशी पत्र्याला भोक पाडून काहीतरी त्या टोपलीत पडलं होतं. लिंबाएवढंच, काळपट. वस्ताद एकेक लिंबू मुठीत पिळत गेले आणि हे काही केल्या पिळेना. भोवती सगळे पठ्ठे उभे. हयातीत कधी पाठ न टेकलेल्या माणसाला लिंबू पिळलं नाही, ही बातमी बाहेर गेली असती तर कुठल्या मैदानात जायची सोय राहिली नसती. वस्तादांनी पिळल्यासारखं केलं आणि ते हळूच मातीत खोल दाबून टाकलं.

तिथं त्याला हवं ते सगळं मिळालं. तांबड्या मातीत लोखंड असतंच. ते संपल्यावर तालमीतली वजनं नाहीशी व्हायला लागली. आधी डंबेल गेले, मग लोखंडी गदा, मग पाण्याच्या मोटारीचा अर्धा भाग. संशय नदीपलीकडच्या गावावर गेला. पुरावा नव्हता, पण त्या गावाच्या बाबतीत तो कधीच लागत नाही. चार तरणी पोरं रात्रीची नदी पोहून जाऊन त्यांची मोटार घेऊन आली, आणि हिशेब मिटला असं सगळ्यांना वाटलं.

मग एका सकाळी जोर-बैठका संपवून पठ्ठे थंडाई पीत बसले असताना आखाड्याच्या हौद्याच्या मधोमध माती फुगली आणि तो वर आला. म्हशीएवढा तांबडा गोळा. अंगात जागोजाग डंबेलच्या चकत्या रुतलेल्या. चार हात. डोकं नाही, पाय नाहीत, पाठ नाही, पोट नाही. त्यानं एका हातानं मूठभर माती उचलली, जरा चाचपली, आणि त्याच मातकट हातानं सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या बजरंगचा खांदा चाचपला.

शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं की तो नमुने घेत होता. एक मातीचा, एक प्राण्याचा. असेलही. पण आखाड्यात समोरच्यानं माती उचलून तुमच्या अंगाला लावली की त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो बजरंगला बोलायला यायच्या आधीपासून माहीत होता. त्यानं थंडाईचा पेला खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली. गोळ्याला मांडी नव्हती, म्हणून त्यानं तेवढ्याच जोराची थाप बजरंगच्याच मांडीवर मारली. कुस्ती लागली.

बजरंगनं ढाक लावली. गोळा हलला नाही, पण तीच ढाक त्यानं परत दिली आणि बजरंग हौद्याच्या कठड्यावर जाऊन आपटला. उठला, तोंडातली माती थुंकला, पट काढायला शिरला. पट काढायला पाय लागतात, ते समोर नव्हते. गोळ्यानं मात्र बजरंगचे दोन्ही पाय ओढले आणि त्याला तोंडावर पाडलं. शेवटी बजरंगनं सरळ कव घातली आणि आवळायला लागला. गोळ्यानं चारी हातांची कव घातली आणि आवळायला लागला. अगदी तेवढंच, रतीभरही जास्त नाही. बजरंगनं सोडलं असतं तर त्यानंही सोडलं असतं, हे आज कुणीही सांगेल. पण आधी सोडतो तो हरतो, आणि इंगवल्यांच्या घरात कुणी बाहेरच्याकडून हरलेलं नव्हतं.

मग आठ पठ्ठे मदतीला धावले. कुणी गोळ्याचे हात ओढले, कुणी बुक्क्या घातल्या, एकानं चक्क चावा घेतला. आठ जणांचा जोर गोळ्यानं एकत्र केला आणि सगळाच्या सगळा बजरंगला दिला. बरगड्या मोडल्याचा आवाज चहाच्या टपरीपर्यंत गेला. खांद्यावर एक चावासुद्धा उमटला, डंबेलच्या चकतीचा.

वस्ताद गोळ्याभोवती चारी बाजूंनी फिरून आले. चितपट करायला पाठ लागते. ती कुठं आहे, हे काही त्यांना सापडलं नाही.

दुपारी पुण्याहून जीप आली. त्यातून वस्तादांची थोरली लेक केतकी उतरली आणि तिच्यामागून तिचे साहेब, डॉक्टर देवस्थळी. केतकी आभाळाकडं लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेत होती. वारणेच्या खोऱ्यात काहीतरी पडलंय हे तिनंच शोधून काढलं होतं, फक्त ते बापाच्या लिंबांत पडलंय हे तिला माहीत नव्हतं. एके काळी तीही याच हौद्यात लढायची आणि बजरंगला आठवड्यातून दोनदा पाडायची. मग तिनं कुस्ती सोडली, शिकायला गेली, आणि तेव्हापासून वस्ताद लोकांशी आपल्याला एकच मूल असल्यासारखं बोलायचे.

भावाला बघून ती सरळ हौद्याकडं धावली. देवस्थळींनी तिचा दंड धरला. हात लावू नकोस, म्हणाले, आधी समजून घे.

समजून घ्यायचं ते असं होतं. ताऱ्यांमधली अंतरं इतकी मोठी आहेत की शहाणी संस्कृती स्वतः प्रवासाला निघत नाही. माणसं न्यायची म्हणजे अन्न, पाणी, हवा आणि भांडणं न्यावी लागतात. त्यापेक्षा बी पाठवायचं. लिंबाएवढ्या बीत अंग कसं बांधायचं याची कृती असते, आणि अंगाला लागणारं सामान ते बी पडेल तिथून घेतं. असं बी मुठीनं पेरता येतं, हजारातलं एक रुजलं तरी पुरे. अडचण पुढं येते. रुजल्यावर समोर कोण भेटेल, त्याच्याशी कसं वागायचं, हे बीला कळणार कसं? घरी विचारावं तर निरोप जायला एकतीस वर्षं आणि उत्तर यायला आणखी एकतीस. कारण हे बी वासुकी तारकासमूहातल्या तेवढ्या लांबच्या एका पिवळसर ताऱ्याकडून आलं होतं. म्हणून त्याला एकच नियम दिलेला असणार: जे मिळेल तेच, तेवढंच परत करायचं. प्रेम मिळालं तर प्रेम. अणुबाँब मिळाला तर अणुबाँब. यात फसवणूक नाही, आणि आगाऊपणाही नाही.

देवस्थळींनी हे सांगता सांगता टॉर्च काढला आणि गोळ्यावर दोन, तीन, पाच, सात असे उजेडाचे ठोके दिले. गोळा दोन, तीन, पाच, सात असा चमकला. देवस्थळींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला अविभाज्य संख्या येतात, म्हणाले. तेवढ्यात हळद-कापराच्या धुरळ्यानं केतकीला शिंक आली आणि गोळाही शिंकला.

"सर, त्याला शिंकता पण येतं," केतकी म्हणाली. "त्याला काही येत नाही. तो फक्त परत करतोय."

सरपंचांना हे पटलं नाही. ग्रामपंचायतीची परवानगी न घेता गावात बसणारा हा कोण, असं विचारून त्यांनी गोळ्याला एक थप्पड ठेवून दिली. सगळ्यांनी श्वास रोखून सरपंचांकडं बघितलं. सरपंचांना काहीच झालं नाही. गोळ्याचा एक हात उठला आणि बजरंगच्या कानाखाली सणसणीत बसला.

नियमाचा दुसरा भाग केतकीला तेव्हा कळला. ज्यांनी हे बी पाठवलं त्यांच्यात मी आणि तू हा प्रकार केव्हाच संपला असणार. सगळी मिळून एकच जीव. त्यामुळं गोळ्याच्या लेखी इथंही एकच जीव होता. सरपंच, पठ्ठे, चहावाला हे सगळे त्याचेच अवयव, आणि त्यातला एक अवयव, बजरंग नावाचा, गोळ्याच्या हातात होता. मारा कुणीही, फेड तिथं होणार.

उपाय मात्र अगदी सोपा होता. पठ्ठे बाजूला झाल्यापासून गोळ्याची कव हळूहळू सैल होत होती. तासभर गोळ्याला कुणी काही केलं नाही तर तो बजरंगला सोडून देणार होता. केतकीनं कठड्यावर चढून हे सगळ्या गावाला समजावून सांगितलं. हात खिशात घाला, नाहीतर बुडाखाली घेऊन बसा, पण त्याला काही करू नका. गावानं माना हलवल्या. बायकांनी पोरांचे हात धरले. आणि खरोखर वीसेक मिनिटं कोरगळवाडीत कुणी कुणाला काही केलं नाही, जे गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच घडत होतं.

मग फौजदार शेळकेबाई आल्या. त्यांनी केतकीचं सगळं ऐकून घेतलं, पटलं म्हणाल्या, आणि तरीपण पंचनाम्यात पोलिसांनी काहीतरी केलं असं दिसायला हवं म्हणून एकच, अगदी सौम्य काठी मारली. बजरंगचा गुडघा आत गेला तो पुन्हा सरळ झाला नाही.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा केतकीनं हात जोडले. कव सैल होत आली तेव्हा तालुक्याचे युवा नेते ऋतुराजदादा ताफ्यासकट पोचले. पाहुण्याच्या स्वागताला त्यांनी पिस्तूल काढून आभाळात एक बार केला. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं म्हणून गोळ्यानंही कुणाला मारलं नाही. त्यानं अंगातला एक डंबेल उपटला आणि गोळीच्या वेगानं आभाळात सोडला. पत्रा फाडून तो दिसेनासा झाला. दादांचं भाषण रंगात आलं असताना तो त्यांच्या नव्या गाडीच्या टपातून आत शिरून खाली जमिनीत गेला. दादांच्या कार्यकर्त्यांना अपमान सहन होत नाही. त्यांनी दगड उचलले. पाच-सहाच बसले, पण बजरंगच्या कपाळाची कातडी फाटून डोळ्यावर लोंबायला लागली.

आणि यावर कळस म्हणजे देवस्थळी. इतिहासात एकदाच येणारी संधी आहे, असं म्हणत त्यांनी खिशातून रबरी हातोडी काढली. कवच पोकळ आहे का भरीव, एवढंच वाजवून बघायचं होतं. केतकी ओरडेपर्यंत त्यांनी तीन ठोके दिले होते. बजरंगचे पुढचे तीन दात मातीत पडले. देवस्थळींनी वहीत लिहिलं: भरीव.

बजरंग आता किंचाळतही नव्हता. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि डोळे वर गेले होते. अजून एक तडाखा त्याला सोसणार नाही, हे बघणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं, आणि त्या सगळ्यांतला प्रत्येक जण आपल्याला काय करता येईल याचा विचार करत होता.

एवढा वेळ दिनकर वस्ताद कठड्यावर गप्प बसून होते. आता ते उठले. भिंतीवरची चांदीची गदा त्यांनी काढली. त्यांना एका मोठ्या मैदानात मिळालेली होती ती; लोखंडाची नव्हती म्हणून गोळ्यानं खाल्ली नव्हती. ती खांद्यावर टाकून ते हौद्यात उतरले आणि गर्दी आपोआप मागं सरकली.

केतकीनं बूट काढले आणि ती त्यांच्या आडवी आली.

"आबा, ही गदा बजाच्या डोक्यात पडंल."

"माझ्या तालमीत घुसून माझ्या पोराला धरलंय. बघत बसू?"

"व्हय. बघत बसा. तेवढंच करायचंय."

"ते तुझ्या हापिसात. हितं न्हाई."

"मी हितलीच हाय."

"हुतीस," वस्ताद म्हणाले, आणि गदा उचलली.

केतकी खाली वाकून त्यांच्या पायांत घुसली. गदा तिच्या डोक्यावरून गेली आणि गोळ्याला चुकवून कठड्यात बसली. चार विटा उडाल्या. वस्तादांचं वय झालं होतं, पण सवय गेली नव्हती. त्यांनी मागचा पाय सोडवला, कोपर आणलं आणि लेकीच्या नाकावर दिलं. नाक मोडलं. रक्त तोंडात येत असताना तिनं त्यांचा हात पकडला, तर त्यांनी तिचे केस मुठीत धरून तिला मातीत घासत नेलं. गाव बघत होतं. कुणी मध्ये पडलं नाही. बापलेकीची कुस्ती होती. वस्तादांनी गदेकडं पुन्हा हात टाकला त्या क्षणाला त्यांचं वजन एका पायावर आलं. केतकी खालून शिरली, बापाला दोन्ही खांद्यांवर आडवा घेतला, उठली, आणि होता तेवढा सगळा जोर लावून त्याला पुढं फेकलं. कलाजंग.

दिनकर वस्ताद आयुष्यात पहिल्यांदा पाठीवर पडले. खांद्याजवळचं हाड काडकन मोडलं. त्यानंतर तालमीत इतकं शांत झालं की वरचा फाटका पत्रा वाऱ्यानं वाजत होता तो ऐकू आला.

गोळा हलायचा थांबला होता.

सकाळपासून तो जे बघत होता त्यात या जीवानं त्याला मारलं होतं, आणि त्याची फेड त्याला ठाऊक होती. पण या जीवानं स्वतःलाच उचलून आपटावं, हे त्यानं आत्ता बघितलं. याची फेड कशी करायची? मिळेल तेच आणि तेवढंच परत करायचं म्हटल्यावर उत्तर एकच निघत होतं. त्याचे चारी हात बजरंगवरून निघाले. डाव्या दोन हातांनी उजवे दोन धरले आणि गोळ्यानं स्वतःला कलाजंग मारली.

पुढचं सगळं दोन-चार मिनिटांत झालं. गोळ्याचा डावा अर्धा उजव्या अर्ध्यावर बसला आणि त्याचे हात उपटायला लागला. उजव्यानं डाव्यात मूठ खुपसून आतलं मोटारीचं वेटोळं बाहेर ओढलं. दोन तुकडे झाले तसे दोघं समोरासमोर उभे राहिले. चार झाले तसे आठ हात फुटले. तालमीचा खांब गेला, पत्रे खाली आले. उडालेल्या चकतीनं सरपंचांच्या कानाची पाळी नेली, देवस्थळींचं नडगीचं हाड मोडलं आणि दादांची दुसरी गाडीही गेली. शेळकेबाई जीपखाली झोपून पंचनामा सांगत होत्या. केतकीनं भावाला बगलेत धरलं आणि ओढत बाहेर आणलं. मग परत आत जाऊन बापाला आणलं. ती पुन्हा मागं वळली तेव्हा आत नुसते लिंबाएवढे खडे उरले होते, जोडीजोडीनं एकमेकांना धडका देत.

तेवढ्यात बजरंग शुद्धीवर आला. दात नसलेल्या तोंडानं त्यानं विचारलं, त्याची पाठ टेकली का.

कोल्हापूरच्या दवाखान्यात बापलेकांना शेजारी खाटा मिळाल्या. बजरंग वाचला, पुन्हा लढायचा नाही, पण चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वस्तादांचा खांदा प्लास्टरमध्ये होता. केतकी रोज यायची, मोडक्या नाकाला पट्टी लावून बसायची, संत्री सोलायची. वस्ताद संत्रं खायचे, बोलायचे नाहीत.

एके दिवशी ती आली ती ऑफिसातून सरळ, आणि तिनं संत्रं सोलायला घेतलं. मग तिनं सांगितलं. फुटायच्या आधी गोळ्यानं घरी निरोप पाठवला होता. जगभरच्या दुर्बिणींनी तो पकडला आणि त्याचा अर्थ लावायचं काम तिच्याकडं होतं. दिवसभरातल्या मारामारीतलं काहीच त्यात नव्हतं. ते त्याला नेहमीचं वाटलं असावं. फक्त एक डाव होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, केसभरही न सोडता. इथल्या जीवाला भेटायचं तर ही इथली रीत, असं तिथं समजलं जाणार. तिथले लोक शहाणे, लाखो वर्षं शांततेत राहिलेले, आणि आपल्या बियांनी पाठवलेली रीत अक्षरशः पाळणारे. निरोप पोचला की आपल्याला भेटायला निघायच्या आधी ते सराव करणार. स्वतःला उचलून आपटणार. एवढी जुनी, एवढी हुशार संस्कृती आपला मान ठेवण्यापायी फुटून जाईल, आणि ते कळायला इथं आपल्यातलं फारसं कुणी उरलेलं नसेल.

वस्ताद छताकडं बघत होते. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"म्हणजे मी पडलो, ते गेलं?"

"तेच गेलं, आबा. बाकी काही न्हाई."

थांबवता येत नाही का, असं त्यांनी विचारलं. निरोप उजेडाच्या वेगानं चाललाय आणि त्याहून जोरात पळणारं जगात काही नाही, असं तिनं सांगितलं. मागनं काहीही सोडलं तरी गाठणार नाही. वस्तादांनी डोळे मिटले.

"पाडलं कुणी, ते हाय का त्यात?" वस्तादांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

नाही, ती म्हणाली. त्यांच्या हिशेबी आपण सगळे एकच. एका जीवानं स्वतःला आपटलं, एवढंच गेलंय.

"असं कसं," म्हणत वस्ताद कण्हत उठून बसले. प्लास्टर सावरलं. "म्हणजे तिकडं म्हणणार, दिनकर इंगवले आपल्या आपणच पडला. पाय घसरून. ते काय चालायचं न्हाई. मागनं दुसरा निरोप सोड."

"उशिरा पोचंल, आबा."

"पोचू दे. तवर त्यांची हाडं मोडत बसतील, त्यांना कळाय तर पायजे कुणामुळं मोडली. लिही. पाडणारी त्याची लेक."

केतकीनं संत्र्याचे हात ओढणीला पुसले आणि फोन काढला. लिहिता लिहिता तिच्या नाकाची पट्टी ओली झाली.

"आणि नाव पुरतं घाल," वस्ताद म्हणाले. "केतकी दिनकर इंगवले. म्हणजे शिकवणाऱ्याचं आपसूक जातंय."